अंतराळ निवासाच्या इंटिरिअरमध्ये साग, पैठणी आणि चामडे चालेल का?

आपण लिहिले आहे की, आठ पर्यटकांनी दहा दिवस पृथ्वीभोवती फिरत राहावे अशा अंतराळ निवासाचे इंटिरिअर आपण शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी करीत आहात. बडोद्याच्या डांडिया बाजारातील आजोबांच्या वाड्याची ऊब त्यात यावी म्हणून भिंतींना सागाचे व्हिनियर (लाकडाचा चिकटवायचा पातळ थर), झोपण्याच्या कप्प्यांना पैठणीच्या काठांचे गादीकाम आणि आसनांना चामडे आपण योजले होते. परीक्षकांनी "हे तिथे चालणार नाही" एवढेच सांगून आराखडा परत केला आणि आता आपल्याला चालणाऱ्या साहित्याची यादी हवी आहे. यादी देणे अवघड नाही, पण तिने आपले काम होणार नाही, कारण एकच कापड एका यानात चालते आणि दुसऱ्यात नाकारले जाते. खरा प्रश्न असा आहे की, ज्या खोलीची खिडकी कधीही उघडता येणार नाही, त्या खोलीत एखादी वस्तू न्यावी की नाही हे ठरवायचे कसे.

माझी बाजूही आधी स्पष्ट करते. बडोद्याजवळ सावली येथे मेट्रोचे डबे तयार होऊ लागल्यापासून मी डब्यांच्या आतील पॅनेल, आसने आणि फरशीच्या साहित्यावर काम करीत आले आहे, आणि गेली काही वर्षे उपग्रहांच्या भागांसाठी लागणारे फोम व चिकटपट्ट्या निवडून त्यांचे नमुने चाचणीला पाठवते. माणसे बसतील अशा यानाचे इंटिरिअर मी स्वतः केलेले नाही. त्यामुळे आग, धूर, गोंद आणि वास यांविषयी मी अनुभवाने लिहीत आहे आणि यानांविषयी प्रसिद्ध झालेल्या मानकांच्या व माहितीच्या आधारे लिहीत आहे.

पहिली गोष्ट मुक्कामाच्या लांबीची. ब्लू ओरिजिन या अमेरिकी कंपनीच्या न्यू शेपर्ड यानाचे उड्डाण सुमारे दहा-अकरा मिनिटांत संपते. मे २०२४ मध्ये गोपी थोटाकुरा ज्यातून गेले ते हेच यान. सहा आसने, सुमारे १५ घनमीटर जागा आणि एक मीटरहून उंच खिडक्या असलेल्या त्या कक्षात गोंदाचा वास साठायला वेळच मिळत नाही. तिथे महत्त्व आहे ते परत येताना अंगावर येणाऱ्या कित्येक पट भाराचे, हाताला सापडणाऱ्या मुठींचे आणि तरंगताना डोके आपटू शकेल अशा कडांचे. व्हर्जिन गॅलॅक्टिकने २०२० मध्ये आपल्या यानाचा आतील भाग दाखवला तेव्हा त्यातही ॲल्युमिनियम व कार्बन फायबरची आसने, प्रवासी कक्षाला बारा खिडक्या आणि स्वतःला तरंगताना पाहता यावे म्हणून मागच्या भिंतीवर मोठा आरसा, असाच विचार होता. याउलट अमेरिकी पर्यटक डेनिस टिटो २००१ मध्ये जवळपास आठ दिवसांच्या सहलीवर गेले आणि शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अडीच आठवड्यांहून अधिक काळ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिले. आपले दहा दिवस या दुसऱ्या गटात मोडतात. तिथे तीच हवा गाळून पुन्हा पुन्हा श्वासात घ्यायची असते, म्हणून साहित्य निवडताना मी आधी हवेचा विचार करते आणि मग रंग-रूपाचा.

विद्यार्थ्यांचा एक नेहमीचा गोंधळ इथेच दूर करते, कारण आपल्या टिपणातही तो झाला आहे. आपण व्हिनियरसाठी "एएसटीएम ई ५९५" या चाचणीचा उल्लेख केला आहे. त्या चाचणीत नमुना निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात. त्याचे वजन एक टक्क्याहून अधिक घटू नये आणि त्यातून निघालेल्या वाफेपैकी थंड पट्टीवर बसणारा भाग ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नये, अशी सर्वसाधारण मर्यादा असते. उपग्रहाच्या भिंगावर धुके बसू नये यासाठी ती चाचणी आहे आणि यानाच्या बाहेरच्या, निर्वातातील साहित्याला ती लागू पडते. माणसे राहतात त्या दाबयुक्त कक्षासाठी वेगळी चाचणी आहे. नमुना बंद पात्रात सुमारे ५० अंशांना ७२ तास ठेवून पात्रातील हवेत कोणकोणते वायू किती साठले हे मोजतात, आणि ते प्रमाण माणसाने दिवसेंदिवस श्वासात घेण्याच्या मर्यादेत बसते का ते पाहतात. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला पदार्थ दुसरीत सहज नापास होऊ शकतो.

या दुसऱ्या चाचणीची कल्पना येण्यासाठी आपल्याला प्रयोगशाळेची गरज नाही, बडोद्याचा मे महिना पुरेसा आहे. मी नव्या मुलांना हे नेहमी करायला लावते. घट्ट झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्याव्यात. लोणच्याची जुनी बरणी घेऊ नये, तिचा वास कितीही धुतला तरी जात नाही. एकीत तळहाताएवढा नमुना ठेवावा, दुसरी तुलनेसाठी रिकामी ठेवावी आणि दोन्ही बंद करून तीन दिवस गच्चीवर उन्हात राहू द्याव्यात. चौथ्या दिवशी सकाळी त्या सावलीत आणून झाकण किंचित उघडावे आणि हाताने थोडी हवा नाकाकडे ओढावी. बरणीत तोंड घालून दीर्घ श्वास घेऊ नये. सोफ्याला लावतात ते साधे कृत्रिम चामडे असे ठेवले की काचेला आतून धुरकट, तेलकट थर येतो आणि बोट फिरवले तर रेघ उमटते. ते प्लास्टिक मऊ राहावे म्हणून घातलेले तेल असते. लोकरीच्या जाड नमद्याला ओल्या मेंढीचा वास येतो. सागाचा नुसता तुकडा जवळजवळ गप्प राहतो, पण तोच पॉलिश करून प्लायवर चिकटवलेला असेल तर डोळे चुरचुरतात. ही चाचणी अहवालात लिहिण्यासारखी नाही, परंतु दोष लाकडाचा की त्याच्या मागच्या गोंदाचा, हे तिच्यातून कोणत्याही तक्त्यापेक्षा लवकर कळते. नासाच्या व्हाइट सँड्स येथील केंद्रात प्रशिक्षित माणसे अशाच रीतीने, अर्थात विषारीपणा आधी तपासून, साहित्य हुंगून त्याच्या वासाला गुण देतात.

वास येत नाही म्हणजे काम झाले असेही नाही. स्थानकावर हवेतील बाष्प थंड करून त्याचेच पिण्याचे पाणी करतात. सौंदर्यप्रसाधने, चिकटद्रव्ये, सीलंट यांतून हवेत जाणारे सिलिकोनचे घटक त्या बाष्पातून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत पोहोचले आणि विरघळणाऱ्या एका सिलिकोन-संयुगामुळे गाळण्यांचे आयुष्य घटले, हा अनुभव २०१० पासून तिथे घेतला गेला आहे. म्हणून आपल्या आराखड्यात प्रत्येक सांध्याला जी पारदर्शक सिलिकोनची रेघ दाखवली आहे, ती मी सर्वांत आधी काढीन. सांधा क्लिपने किंवा स्क्रूने बंद करता येतो.

आता आग. इथे मी थोडी अधिक रेंगाळणार आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या जमिनीवरील सरावात कक्षात शुद्ध प्राणवायू वातावरणापेक्षा किंचित जास्त दाबाने भरलेला होता, आणि आत नायलॉनच्या जाळ्या व वेल्क्रो मोठ्या प्रमाणात होते. ठिणगी पडली आणि तिन्ही अंतराळवीर दगावले. त्यानंतर काचेच्या तंतूंवर टेफ्लॉनचा लेप दिलेले बीटा क्लॉथ मोठ्या प्रमाणात वापरात आले. आमच्या धंद्यात पदार्थ जळत राहण्यासाठी हवेत किमान किती टक्के प्राणवायू लागतो या आकड्याला एलओआय म्हणतात. पॉलिथिलीनचा तो १७-१८, नायलॉनचा २० ते २२, लोकरीचा २५ च्या आसपास, नोमेक्स या आगरोधक कापडाचा २८-२९ आणि टेफ्लॉनचा तब्बल ९५ असतो. आपल्या नेहमीच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, म्हणून लोकर आणि नोमेक्स इथे सुरक्षित वाटतात. पण यानाबाहेर पडण्याआधीची तयारी लवकर व्हावी म्हणून भविष्यातील निवासांसाठी जे वातावरण सुचवले गेले आहे त्यात दाब सुमारे ५६ किलोपास्कल आणि प्राणवायू ३४ टक्के आहे. त्या हवेत नोमेक्सही पेटते. शिवाय हा आकडा नमुना वरून खाली जाळून काढलेला असतो, आणि ज्योत खालून वर जाताना पदार्थ त्याहून कमी प्राणवायूतही जळत राहू शकतो. म्हणून नासाच्या चाचणीत नमुना खालून पेटवतात, ज्वाला सुमारे १५ सेंटिमीटरच्या आत विझली पाहिजे आणि गळणाऱ्या थेंबांनी खालचा कागद पेटता कामा नये. आपल्या आराखड्यात कक्षाचा दाब आणि प्राणवायूचे प्रमाण कुठेच लिहिलेले नाही. ते पहिल्या पानावर यायला हवे, कारण त्यावरच पुढची प्रत्येक निवड अवलंबून आहे.

वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढत नाही, म्हणून ज्योत गोलसर आणि मंद होते. तिला प्राणवायू पुरवतो तो पंख्याचा झोत. मेट्रोच्या डब्यात आम्ही धूर छताशी साठेल असे धरून चालतो. तिथे मात्र छत हा शब्दच निरर्थक होतो. स्थानकावर धूर ओळखणारी उपकरणे हवा खेचणाऱ्या मार्गांत बसवलेली असतात आणि आग लागल्यास पहिल्या कृतींपैकी एक म्हणजे वायुवीजन बंद करणे ही असते. यातून इंटिरिअरसाठी थेट नियम निघतो. झोत जिथून बाहेर पडतो त्या तोंडासमोर कापड, पडदा, लोंबते तोरण काहीही ठेवू नये. आणि उलट बाजूने, झोपण्याच्या कप्प्यात हवा फिरणे थांबेल असे जाड गादीकामही करू नये, कारण तिथे सोडलेला श्वास आपोआप दूर जात नाही. तो चेहऱ्याभोवतीच साठतो आणि माणूस डोके दुखत जागा होतो.

गोंदाविषयी मी आग्रहाने का बोलते ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका मेट्रो डब्याच्या छताच्या पॅनेलचे काम आमच्याकडे होते. वरचा सजावटीचा थर, मधली ॲल्युमिनियमची हनीकोम्ब जाळी, मागचा पत्रा, सगळ्यांचे स्वतंत्र अहवाल उत्तम होते. पूर्ण पॅनेल तापत्या पट्टीसमोर उभे केले तेव्हा दुसऱ्या मिनिटाला कडेने पिवळट धूर निघाला आणि वरचा थर सुटून केळीच्या पानासारखा वळला. पुरवठादाराने थंडीत लवकर धरावा म्हणून गोंद बदलला होता आणि कळवले नव्हते. ते पॅनेल सुट्या थरांच्या अहवालांवर पुढे गेले असते या विचाराने मला अजूनही बेचैन व्हायला होते. तेव्हापासून मी नमुना मागते तो तयार जोडणीचा, नुसत्या कापडाचा किंवा नुसत्या पत्र्याचा घेत नाही. आपल्या परीक्षकांनीही कदाचित हेच पाहिले असावे. आपण "सागाचे व्हिनियर" लिहिले आहे, पण ते कशावर आणि कशाने चिकटवले आहे ते लिहिलेले नाही.

लाकडाला सरसकट बंदी आहे असे मात्र समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये जपानी संशोधकांनी मॅग्नोलियाच्या लाकडाचा लिग्नोसॅट हा छोटा उपग्रह पाठवला. त्याची पेटी स्क्रू व गोंद न वापरता पारंपरिक सांधेकामाने जोडलेली होती. अर्थात बाहेर प्राणवायू नसल्याने तिथे लाकूड पेटत नाही, आत पेटते. स्थानकावर सुती कपडे आणि कागदही असतातच. जळणारी वस्तू किती आहे, दुसऱ्या जळणाऱ्या वस्तूपासून किती दूर आहे आणि विजेच्या तारांपासून किती दूर आहे, यावर परवानगी ठरते. म्हणून साग संपूर्ण भिंतीवर नको. पण जेवणाच्या जागी हाताला लागेल अशी, भरीव लाकडाची, पॉलिश न केलेली एक मूठ ठेवण्याचा प्रस्ताव, त्यामागचे कारण नीट मांडल्यास, मी स्वतः परीक्षकांसमोर ठेवीन. हातात येणारे लाकूड आणि डोळ्यांना दिसणारे लाकूड यांत पहिलेच ऊब देते, असे माझे मत आहे.

पैठणीच्या काठांचे काय करावे, हा आपल्या प्रश्नाचा मला सर्वांत आवडलेला भाग. रेशीम पेटते, म्हणून मोठ्या क्षेत्रावर ते घेता येणार नाही. पण अपोलोच्या अंतराळवीरांच्या पोशाखांवरील मोहिमेची चिन्हे बीटा क्लॉथवर स्क्रीन प्रिंट केलेली होती. म्हणजे नक्षी न जळणाऱ्या कापडावर उतरवता येते आणि ती परंपरा जुनी आहे. काठातील मोर व नारळी यांची छपाई बीटा क्लॉथवर किंवा रंगवलेल्या नोमेक्सवर करावी. छपाईची शाईही चाचणीतून गेली पाहिजे, हे ओघाने आलेच. बीटा क्लॉथ स्पर्शाला मऊ नसते आणि त्याच्या कापलेल्या कडांतून काचेचे बारीक तंतू सुटतात, म्हणून कडा दुमडून शिवलेली हवी आणि चेहरा लागेल तिथे ते नको. टेफ्लॉनही अति तापले तर विषारी वायू सोडते. पूर्णपणे निर्धोक असा एकही पदार्थ माझ्या पाहण्यात नाही.

गादीकामाविषयी आणखी एक अडचण आहे ती ओलाव्याची. माणसाच्या श्वासातून आणि घामातून दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी हवेत जाते. ते थंड पृष्ठभागावर, म्हणजे नेमके बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या पॅनेलच्या मागे जमते. रशियाच्या मीर या जुन्या अंतराळ स्थानकात पॅनेलमागे पाण्याचे तरंगते गोळे सापडले होते आणि बुरशीही वाढली होती. ॲक्सिओम या खासगी कंपनीच्या नियोजित स्थानकासाठी डिझायनर फिलिप स्टार्क यांनी २०१८ मध्ये मांडलेली, मऊ गादीसारख्या भिंतींची झोपण्याची खोली फार सुंदर दिसते आणि आपणही तिच्यावरून प्रेरणा घेतली आहे. तरंगणाऱ्या माणसाला मऊ भिंत हवी हा विचार बरोबरच आहे. पण ताणून बसवलेल्या प्रत्येक बटणाच्या खळगीत केस, धागे, मृत त्वचेचे कण आणि ओल साठेल, आणि स्थानकावर तर कपडे धुण्याची सोयही नाही. म्हणून माझा सल्ला असा की, गादीचे चौकोन सपाट ठेवावेत, एका माणसाला एका हाताने काढता येतील असे क्लिपवर बसवावेत आणि मागे हवा फिरण्यासाठी फट ठेवावी. पृष्ठभाग पुसताना वापरायचे जंतुनाशक स्पिरिटचे नसते, कारण ते पुन्हा पाण्याच्या यंत्रणेवर भार टाकते. साध्या जंतुनाशक ओल्या पुसणीला दहा दिवस, शंभर वेळा टिकेल असा पृष्ठभाग हवा. चामडे इथे बाद होते. ते घाम शोषते, पुसल्याने सुकते आणि त्याच्या प्रक्रियेतील रसायने बरणीत लगेच कळतात. वजनरहित अवस्थेत कोणी आसनावर टेकून बसत नसल्याने त्याची गरजही उरत नाही. पायांचा चवडा अडकवायला दांडी आणि कमरेला पट्टा असला की पुरते. आसने लागतात ती जाताना आणि येताना. शिवाय वजनरहित अवस्थेत पाठीचा कणा लांबतो आणि उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते, म्हणून शरीराच्या मापाने घडवलेल्या परतीच्या आसनात डोक्याशी जागा सोडावी लागते.

वर-खाली कळण्यासाठी साहित्याहून रंग जास्त उपयोगी पडतो. सोव्हिएत वास्तुविशारद गालिना बालाशोवा यांनी सोयूझपासून मीरपर्यंतच्या यानांच्या आतील रचनेत जमिनीचा रंग गडद, छत फिकट असा भेद ठेवला, जेणेकरून डोळ्यांना एक दिशा मिळावी. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकासाठी सल्ला देताना डिझायनर रेमंड लोवी यांनी बाहेर पाहायला खिडकी आणि एकट्याने बसायला जागा यांवर भर दिला. वजनरहित अवस्थेत शरीर किंचित वाकलेले राहते आणि नजर नेहमीपेक्षा खाली झुकते, म्हणून दर्शनी फलक आणि चित्रे आपण दाखवली आहेत त्याहून खाली घ्यावीत.

वाड्याच्या उबेविषयी मला वाटते ते असे. आपल्या डांडिया बाजारातल्या घरांत ऊब लाकडामुळे जितकी येते त्याहून अधिक ती उजेडाच्या उतरंडीमुळे येते. चौकात लख्ख ऊन, ओसरीवर मंद, माजघरात अंधूक आणि देवळीत एकच समईची ज्योत. ही उतरंड एलईडी दिव्यांनी करता येते आणि तिच्यामुळे हवेत काहीही मिसळत नाही. मोठी खिडकी असलेली जमण्याची जागा म्हणजे ओसरी, जेवणाची जागा माजघर आणि प्रत्येक झोपण्याच्या कप्प्यात भिंतीत खोल गेलेला एक कोनाडा, जिथे माणूस स्वतःचे चार जिन्नस पट्ट्याखाली अडकवील. स्थानकावरील झोपण्याचा कप्पा जेमतेम दोन घनमीटरचा आहे, त्यामुळे कोनाडा हीच त्यातली खरी श्रीमंती ठरेल.

आपण कायद्याविषयीही विचारले आहे. अमेरिकेत खासगी अंतराळ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी यानावर सक्तीचे नियम घालण्यास तेथील विमान वाहतूक प्रशासनाला १ जानेवारी २०२८ पर्यंत मनाई आहे. प्रवासी धोका समजून लेखी संमती देतो. विमानाच्या आसनाचे कापड बारा सेकंद ज्योतीवर धरण्याची जी सक्ती आहे तशी तिथे प्रवासी कक्षाला नाही. म्हणून आपला आराखडा कोणत्या मानकावर तपासला हे आपणच ठरवून आपणच जाहीर केले पाहिजे.

पुढच्या फेरीआधी तीन कागद तयार करावेत. पहिला, कक्षातील दाब, प्राणवायू, माणसे आणि दिवस यांचा. दुसरा, झोपण्याच्या कप्प्याच्या भिंतीचा एकास पाच प्रमाणातील छेद, ज्यात छापील कापडापासून बाहेरच्या कवचापर्यंत प्रत्येक थर, त्यामधील फट आणि तो कशाने धरला आहे हे दिसेल. तिसरा, जळू शकणाऱ्या प्रत्येक वस्तूचे ग्रॅममधील वजन आणि जवळच्या तारेपासूनचे अंतर. छेद काढून झाला की तो इथेच टाका. शनिवार-रविवारी मला वेळ असतो आणि त्यातले गोंद मी आधी पाहीन.